जुन्या मोटारीच्या टायरची विषम झीज आणि सस्पेन्शनचे निदान : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक आढावा

टायर झिजणारच, हे प्रत्येक मोटारमालक धरून चालतो. परंतु तो कोणत्या कडेने झिजला, कोणत्या चाकावर झिजला आणि त्या झिजेचा पोत कसा आहे, या प्रश्नांची उत्तरे एकट्या टायरपाशी थांबत नाहीत, कारण गाडीचे सगळे वजन, वळणावरचा कल, ब्रेक लागताना पुढे येणारा भार आणि खड्ड्यातले हादरे हे सारे अखेर तळहाताएवढ्या चार जागांमधूनच रस्त्यावर उतरत असते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या मोटारी आजही रोजच्या कामात आहेत आणि ‘गाडी टायर खाते’ ही त्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार आहे. या तक्रारीवर बहुधा दोनच उपाय सुचवले जातात : अलाइनमेंट करून घेणे किंवा टायर बदलून टाकणे. हे दोन्ही उपाय आवश्यक असू शकतात. मात्र ते निदानानंतरचे उपाय आहेत, आणि निदानाआधी केले गेले तर ज्या खुणांवरून दोष सापडला असता त्या खुणाच ते पुसून टाकतात. जुना टायर दुकानात सोडून नवा बसवून आलेला मालक आपल्या गाडीच्या दोषाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा भंगारात देऊन आलेला असतो.

या दोन जिल्ह्यांचा भूगोल या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. पश्चिमेकडे सह्याद्रीचे घाट आहेत : वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी, मेढ्याकडून महाबळेश्वरला जाणारा केळघर, कोयनानगरच्या पुढे चिपळूणकडे उतरणारा कुंभार्ली आणि साताऱ्यातून कासच्या पठाराकडे नेणारा यवतेश्वरचा घाट. मध्यभागातून पुणे-बेंगळुरू महामार्ग जातो, ज्याच्या शेंद्रे ते कागल या टप्प्यावर सहापदरीकरणाच्या कामामुळे वाहनांना सेवारस्ते, तात्पुरती वळणे आणि डांबराच्या उंच-खाली कडा यांतून जावे लागले आहे. पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी आणि जत हे कोरडे तालुके आहेत. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर माणमध्ये तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. त्यामुळे एकाच जिल्ह्यातील दोन गाड्यांच्या सस्पेन्शनचा शेवट दोन वेगळ्या कारणांनी होतो. घाटमाथ्यावर रबरी टोपण फाटलेल्या सांध्यात पाणी शिरून गंज चढतो, आणि पूर्व भागात त्याच फटीतून शिरलेली बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळून सांधा पॉलिश पेपरसारखी घासत राहते. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे तिच्यावरचे रस्ते लाटांसारखे उंचसखल होतात. त्यात गळीत हंगामात उसाच्या दुहेरी ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर डांबरात खोल चाकोऱ्या पाडतात, आणि त्या चाकोरीच्या उतारावर टायरची एकच कड टेकवून लहान मोटार मैलोगणती चालत राहते.

झिजेचा अर्थ लावण्यापूर्वी चाकाच्या तीन कोनांची ओळख आवश्यक आहे. गाडीकडे समोरून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून आत किंवा बाहेर जितके झुकलेले दिसते त्या कोनाला कॅम्बर म्हणतात. वरून पाहिले असता एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांची तोंडे एकमेकांकडे वळलेली असतील तर तो टो-इन, आणि एकमेकांपासून फाकलेली असतील तर टो-आउट. बाजूने पाहिले असता चाक ज्या कल्पित दांड्याभोवती स्टिअरिंगसह फिरते त्या दांड्याचा मागे किंवा पुढे असलेला कल म्हणजे कॅस्टर. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्यात त्याचा मोठा वाटा असतो, परंतु टायरच्या झिजेवर त्याचा परिणाम तुलनेने कमी असतो. या तिन्हींत टायरला सर्वांत महाग पडतो तो टो, आणि त्याचे कारण साध्या हिशेबाने दाखवता येते. झेन, वॅगन-आर किंवा इंडिका यांसारख्या १३ इंची रिमच्या गाडीत दोन्ही चाकांचा मिळून टो रिमच्या कडेवर ३ मिलिमीटरने जास्त असेल, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर येतो. सुमारे ३३० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर याचा अर्थ असा, की प्रत्येक किलोमीटरमागे ते चाक साडेचार मीटर आडवे फरपटते. साताऱ्याहून कराडपर्यंतच्या सुमारे ५० किलोमीटरच्या प्रवासात ही आडवी फरपट सव्वादोनशे मीटर भरते, आणि एवढी होऊनही स्टिअरिंगवर हात ठेवलेल्या चालकाला काहीच जाणवत नाही, कारण दोन्ही चाके एकमेकांविरुद्ध सारखीच ढकलत असल्याने गाडी सरळ जाते.

टायर वाचण्याची जुनी आणि आजही न हरलेली पद्धत म्हणजे त्याच्या नक्षीवरून आडवा तळहात फिरवणे. हात आतल्या कडेकडून बाहेर नेताना नक्षीच्या पट्ट्यांच्या कडा करवतीसारख्या टोचतात आणि बाहेरून आत आणताना गुळगुळीत लागतात, तेव्हा टो-इन जास्त असल्याचा तो संकेत असतो. अनुभव याच्या उलट असेल तर टो-आउट. कॅम्बरची झीज वेगळी असते : तिच्यात टोचणाऱ्या कडा नसतात, टायर एका बाजूने उताराच्या जमिनीसारखा सलग तिरपा झालेला असतो. दोन्ही कडा झिजून मध्यभाग शिल्लक असेल तर हवा कमी राहिली, आणि मध्यभागच झिजला असेल तर ती जास्त राहिली, हा नियम सर्वपरिचित आहे. तथापि तो साध्या प्लायच्या जुन्या टायरवर जितका स्पष्ट दिसतो तितका रेडियल टायरवर दिसत नाही, कारण रेडियलच्या नक्षीखालचा पोलादी पट्टा तिला सपाट ठेवतो. हवेचा दाब थंड टायरवरच मोजायला हवा. तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले की दाब एका पाउंडच्या आसपास वाढतो, म्हणून एप्रिलच्या दुपारी मिरजेहून जतपर्यंत धावून आलेल्या गाडीतली ‘जास्त’ हवा पंपावर काढून टाकली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी कमी हवेवर निघते.

घाटातल्या झिजेचा मात्र स्वतंत्र विचार करावा लागतो. पसरणी किंवा कुंभार्लीसारख्या घाटात रोज ये-जा करणाऱ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा लवकर गोल होतात, कारण तीव्र वळणावर बाहेरच्या बाजूचे चाक गाडीचा भार घेऊन आपल्या बाहेरच्या कडेवर झुकते आणि घाटात उजवी-डावी वळणे एकापाठोपाठ एक येत असल्याने हा मार दोन्ही चाकांना मिळतो. ही झीज दोषाची नसून रस्त्याची असते. ती कमी हवेमुळे झालेल्या झिजेशी सहज गल्लत करायला लावते. फरक एवढाच, की कमी हवेत आतली कडही झिजते आणि घाटात ती बहुतांशी शाबूत राहते. मालकाला त्याचे रोजचे रस्ते विचारल्याशिवाय टायरवर मत देणारा कारागीर अर्धेच निदान करतो, असे येथे स्पष्टपणे म्हणायला हवे.

सस्पेन्शन खिळखिळे झाल्याची खरी खूण टायरच्या परिघाभोवती ठरावीक अंतराने पडलेल्या खोलगट वाट्या ही आहे. शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला शॉकअप, स्प्रिंगची हालचाल तेलाच्या रोधाने शमवतो; त्यातले तेल गळून गेले किंवा आतले झडप-वायसर झिजले, की चाक प्रत्येक खड्ड्यानंतर काही वेळ उड्या मारत राहते, आणि प्रत्येक वेळी जमिनीवर आपटताना टायरचा थोडा भाग खरडून निघतो. पण याच वाट्या चाकाचे बॅलन्स बिघडल्यामुळे, व्हील बेअरिंग ढिले झाल्यामुळे किंवा चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या आर्मचे रबरी बुश संपल्यामुळेही पडतात, म्हणून वाट्या दिसल्या की शॉकअप बदला, हा उतावळा निष्कर्ष ठरतो. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची प्रसिद्ध चाचणी पूर्ण निकामी शॉकअप पकडते, अर्धा संपलेला पकडत नाही. त्यापेक्षा शॉकअपच्या नळीवर धूळ चिकटवणारा तेलाचा ओला थर, खाली उतरलेला बंपस्टॉपचा रबर आणि स्प्रिंगच्या बैठकीवरची ताजी घासण यांची पाहणी अधिक सांगते.

गाडीची बांधणी माहीत नसेल तर यांपैकी कोणत्याही खुणेचा अर्थ पूर्ण लागत नाही. मारुती ८०० (१९८६ पासूनची बांधणी), झेन, अल्टो आणि वॅगन-आर यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात बसवलेले असतात, आणि मागे एकसंध ॲक्सल असतो. मागच्या एकसंध ॲक्सलच्या चाकांचे कोन सहसा बदलत नाहीत, त्यामुळे अशा गाडीचा मागचा टायर एका कडेने खाऊ लागला तर ॲक्सल वाकल्याची किंवा ट्रेलिंग आर्मचे बुश सुटल्याची शंका आधी घ्यावी. १९९८ मध्ये आलेल्या इंडिकाची मागची दोन्ही चाके मात्र स्वतंत्र तिरप्या आर्मवर लटकतात; बुश झिजले आणि स्प्रिंग बसली, की तेथे कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात. वडापसाठी, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीसाठी, राबलेल्या ट्रॅक्स आणि जुन्या सुमो यांची कथा आणखी वेगळी. त्यांच्या मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मधोमध जाणारा सेंटर बोल्ट हाच ॲक्सलला जागेवर धरून ठेवतो, आणि क्षमतेच्या दुपटीने माणसे भरून वर्षानुवर्षे चाललेल्या गाडीत तो तुटला, की ॲक्सलची एक बाजू पाट्यावरून मागे सरकते. अशी गाडी सरळ रस्त्यावरही तिरपी चालते. मागून येणाऱ्याला तिची पुढची व मागची चाके एका रेषेत दिसत नाहीत. पुढच्या चाकांचे अलाइनमेंट कितीही वेळा केले तरी तिचे टायर वाचत नाहीत, कारण स्टिअरिंग सतत किंचित वळवूनच तिला सरळ न्यावे लागते.

ढिलाई शोधण्याचा क्रम शिस्तीने पाळला तर महागड्या यंत्राविनाही बरेच काही सापडते. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवले असता खडखड आली, तर दोष बेअरिंगमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये आहे. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून ठेवला आणि खडखड थांबली, तर दोष बेअरिंगचा, कारण ब्रेकने चाकाबरोबर फिरणारा हब आणि त्याला धरणारा नकल एकमेकांना जखडले जातात, आणि ब्रेक दाबूनही ती राहिली तर बॉल जॉइंटचा. चाक डावी-उजवीकडे धरून हलवले असता येणारी ढिलाई टाय रॉड एंड किंवा रॅक एंडकडे बोट दाखवते. येथे एक बारकावा अनेकदा निसटतो. ज्या गाडीत स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मवर टेकलेला असतो, तेथे जॅक चॅसीखाली लावून चाक लोंबकळते ठेवले, तर स्प्रिंगचा ताण बॉल जॉइंटला घट्ट ओढून धरतो आणि झिजलेला सांधाही निरोगी भासतो. म्हणून तेथे जॅक त्या आर्मखालीच लावायला हवा. उलट टाय रॉडची तपासणी चाके जमिनीवर टेकलेली असताना, एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवून आणि दुसऱ्याने सांध्यावर बोटे ठेवून, अधिक चांगली होते. आर्मच्या बुशसाठी टॉमीने आर्म पुढे-मागे रेटून रबर लोखंडापासून सुटले आहे का, ते पाहावे लागते. नुसती बाहेरची चीर पाहून बुश बाद ठरवू नये, आणि बाहेरून चकचकीत दिसते म्हणून ते सोडूनही देऊ नये.

गाडी एका बाजूला ओढते या तक्रारीत रस्त्याचा वाटा वेगळा काढणे आवश्यक आहे. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते मध्यभागी उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे निर्दोष गाडीही हात सोडल्यास हळूहळू डावीकडे, साइडपट्टीकडे सरकते. सपाट जागेवरही ओढ राहिली तर पुढचे दोन टायर डावी-उजवीकडे अदलाबदल करून पाहावे; ओढीची दिशा उलटली, तर दोष टायरच्या घडणीत आहे आणि अलाइनमेंटने तो जाणार नाही. ओढ तशीच राहिली तर कॅम्बर किंवा कॅस्टरमधला डाव्या-उजव्याचा फरक, अडकलेला ब्रेक किंवा वाकलेला आर्म यांचा शोध घ्यावा.

आता अलाइनमेंटच्या यंत्राविषयी. संगणकाच्या पडद्यावर लाल आकडे हिरवे होताना पाहून मालकाचे समाधान होते, आणि यंत्र खोटे बोलत नाही हेही खरे; परंतु ते उभ्या गाडीचे कोन मोजते. लोअर आर्मचा मागचा बुश फाटलेला असेल, तर उभ्या गाडीत आर्म आपल्या जागी बसलेला असतो आणि आकडे बरोबर येतात. गाडी निघाली, इंजिनाने चाक पुढे ओढले किंवा ब्रेकने मागे रेटले, की तोच आर्म काही मिलिमीटर सरकतो आणि टो बदलतो. मालक चार महिन्यांनी पुन्हा त्याच यंत्रावर येतो, आकडे पुन्हा बरोबर असतात, आणि टायर तेवढाच खाल्लेला असतो. ढिलाई काढल्याशिवाय केलेले अलाइनमेंट म्हणजे वाया गेलेला पैसा, हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे विधान आहे आणि ते ग्राहकाला आधी सांगणे ही कारागिराची जबाबदारी आहे. शिवाय जुन्या मारुतींसह अनेक लहान गाड्यांत कारखान्याने फक्त टो बदलण्याची सोय ठेवलेली असते. कॅम्बर चुकला असेल तर तो बसवता येत नाही, त्याचे कारण शोधावे लागते, आणि ते कारण बहुधा बसलेली स्प्रिंग, वाकलेला स्ट्रट किंवा खड्ड्यात मार लागलेला आर्म हेच असते.

यंत्र नसलेल्या गावात टो मोजण्याची खडूची पद्धत आजही कामी येते आणि नीट केली तर ती पुरेशी अचूक असते. पुढची चाके उचलून, प्रत्येक चाक हाताने फिरवत नक्षीच्या मध्यभागी खडूचा पट्टा ओढतात. खिळा स्थिर धरून, चाक पुन्हा फिरवून त्या पट्ट्यात एक बारीक रेघ कोरतात. मग गाडी खाली उतरवून चार-पाच फूट पुढे ढकलतात, जेणेकरून उचलल्यामुळे ताणलेले सस्पेन्शन आपल्या नेहमीच्या उंचीवर बसेल. ॲक्सलच्या उंचीवर दोन्ही रेघांमधले अंतर आधी चाकांच्या पुढच्या बाजूला आणि नंतर मागच्या बाजूला फीतपट्टीने मोजले, की दोन्हींतला फरक हाच टो. हा फरक टायरच्या व्यासावरचा आहे, रिमवरचा नाही, एवढे पुस्तकातल्या आकड्याशी ताडताना ध्यानात ठेवावे लागते.

दुरुस्तीच्या रूढ सवयींपैकी काही गाडीला अपाय करतात. बसलेल्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबरी ठोकळे अडकवून गाडी उंच करण्याची पद्धत स्वस्त आहे, म्हणून ती फोफावली. तिने स्प्रिंगचा थकवा जात नाही, फक्त झाकला जातो, आणि हालचाल ठरावीक वेढ्यांवर येऊन स्प्रिंग मोडण्याची शक्यता वाढते. शॉकअप खोलून नवे तेल भरून देण्याच्या उद्योगालाही हेच लागू पडते, कारण झिजलेला दांडा आणि ओरखडलेले सील नव्या तेलाने बरे होत नाही. याहून कमी माहीत असलेली चूक बुश बसवताना होते. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असल्याने बुश फिरत नाही, तो पिळला जातो. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना आर्मचा बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि नवा बुश अपेक्षेपेक्षा फार लवकर फाटतो. बोल्ट हाताने लावून, गाडी चाकांवर उभी करून मगच शेवटचा ताण द्यायचा, हा नियम प्रत्येक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि घाईच्या गॅरेजमध्ये सर्वांत आधी तोच मोडला जातो.

सांगलीच्या बाबतीत पुराचा उल्लेख टाळता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शहराच्या अनेक वस्त्यांत कृष्णेचे पाणी शिरले. पाण्याखाली राहिलेल्या गाडीचे इंजिन आणि वायरिंग यांकडे लक्ष गेले, तरी व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट आणि स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगमध्ये शिरलेला गाळ तसाच राहतो, आणि काही महिन्यांनी चाकाच्या घरघरीतून किंवा स्टिअरिंग वळवताना येणाऱ्या टकटकीतून तो प्रकट होतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने कार्पेटखालच्या चिखलाबरोबर हे सांधेही तपासायला हवेत.

कायद्याच्या बाजूने पाहता, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. नक्षीच्या खोबणीत तळाशी दिसणारे छोटे आडवे उंचवटे याच मापाचे असतात आणि नक्षी त्यांच्याशी समपातळीत आली की टायर संपला. विषम झिजेत हे माप फसवे ठरते, कारण मध्यभागी तीन मिलिमीटर शिल्लक असलेल्या टायरच्या आतल्या कडेला पोलादी तारा दिसत असू शकतात, आणि ती कड स्टिअरिंग पूर्ण वळवून खाली वाकल्याशिवाय नजरेस पडत नाही. १५ वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. सातारा, कराड किंवा सांगलीच्या परिवहन कार्यालयात तपासणीसाठी गाडी नेण्याआधी चारही टायरच्या आतल्या कडा पाहणे म्हणूनच हिताचे. कमी चालणाऱ्या जुन्या गाडीत तर नक्षी भरपूर असूनही रबर कडक झालेले असते. टायरच्या बाजूवरील ‘DOT’ने सुरू होणाऱ्या संकेतांकातले शेवटचे चार अंक त्याच्या जन्माचा आठवडा आणि वर्ष सांगतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

दुरुस्ती पूर्ण झाल्यावर एक गोष्ट ग्राहकाला आधीच सांगून ठेवावी लागते. वाट्या पडलेला किंवा करवती कडांचा जुना टायर, सांधे नवे करूनही, पूर्वीसारखाच घरघरत राहतो, कारण त्याचा आकार आता तसाच झालेला आहे. दुरुस्ती फसली असे समजून दुसऱ्या गॅरेजकडे धाव घेण्याआधी त्या टायरची जागा बदलून आवाज त्याच्याबरोबर सरकतो का, ते पाहावे. चांगली नक्षी असलेले टायर मागे ठेवावेत, कारण ओल्या घाटात मागची चाके सुटली तर गाडी सावरणे सामान्य चालकाला जमत नाही. आपल्याकडे नवे टायर पुढेच टाकण्याचा आग्रह असतो, तो या कारणाने सोडून द्यावा. जागा बदलण्यापूर्वी मात्र प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खोबणीची खोली मोजून ती तारीख आणि किलोमीटरसह सर्व्हिसच्या वहीत लिहावी, आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर त्याच बारा जागा पुन्हा मोजाव्यात : आतल्या आणि बाहेरच्या आकड्यांतले अंतर वाढले नसेल तर सांधे आणि कोन दोन्ही जागेवर आले आहेत, आणि ते एकाच चाकावर वाढले असेल तर जॅक पुन्हा त्याच चाकाखाली लावायचा आहे.